खंडेनवमीचं इंजेक्शन

तमाम सज्जनांस, आणि उरलेल्यांसही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की गतवर्षीच्या भाद्रपद महिन्यात प्रस्तुत लेखकाचे नाक विज्ञानाच्या सेवेत रुजू झाले. नेमणूक हंगामी होती, मानधन शून्य होते, आणि निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली होती.

गुणवत्तेबद्दल गावात दुमत नव्हतं. पोळा झाला की मी शिंकायला लागतो, तो दिवाळीच्या फराळापर्यंत थांबत नाही. बाभुळगावकडून आमच्या गावाला येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाजरगवत कमरेएवढं वाढतं, त्याला बारीक पांढरी फुलं येतात, आणि त्या फुलांचं माझ्याशी काय वैर आहे ते माझ्या पत्रिकेतही लिहिलेलं नाही. मी हायस्कूलला मराठी शिकवतो. फळ्याकडे वळून शिंकलो की मागची बाकं आकडा पुकारतात. गावातल्या सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालनही माझ्याकडेच असतं, त्यामुळे माझी शिंक माइकवरून शेजारच्या दोन गावांनाही ऐकू जाते.

यवतमाळच्या एका दवाखान्यात ॲलर्जीवर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टर मॅडम होत्या. तरुण, पुण्याकडच्या, मोजून बोलणाऱ्या. आमच्या शाळेच्या गच्चीवर त्यांनी वंगण लावलेल्या काचपट्ट्या ठेवल्या होत्या. हवेतले परागकण त्यांना चिकटायचे आणि मॅडम ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. त्यानंतर त्यांना शिंकणारी माणसं हवी होती. मला शोधावं लागलं नाही. मॅडम पट्ट्या बदलायला आल्या असताना मी खालच्या वर्गात शिंकलो आणि त्या जिना उतरून सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या आस्थेनं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात यवतमाळला त्यांनी माझ्या हातावर ओळीनं थेंब टाकले आणि प्रत्येक थेंबातून सुईनं हलकं टोचलं. पंधरा मिनिटांत गाजरगवताच्या थेंबाखाली तुरीच्या दाण्याएवढी गांध उठली. झेंडूच्या थेंबाखालची जरा धाकटी. दोघं एकाच कुळातली, मॅडम म्हणाल्या. मग मला नाकात मारायची एक बाटली आणि एक वही मिळाली. वहीत रोज शिंका, नाक, डोळे यांना शून्य ते तीन असे गुण द्यायचे. मी पहिल्याच दिवशी शिंकांना सात दिले. मॅडमनी फोन करून सांगितलं की तीनच्या वर जायची सोय नाही. प्रतिभेला असं कुंपण घातलं की माझा जीव घुसमटतो, पण विज्ञानासाठी मी तेही सोसलं.

खरी गंमत बाटलीची होती. काहींच्या बाटलीत औषध होतं, काहींच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलंय ते रोग्याला ठाऊक नसतं आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नसतं. घरी मी हे आत्याला समजावून सांगितलं. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची बहीण, ऐंशीच्या पुढची, आमच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय. ती म्हणाली, "तुले मालूम नाइ, तिले बी मालूम नाइ, तं मंग मालूम हाय कोनाले?" एका बंद लिफाफ्याला, मी म्हणालो. आत्यानं थोडा विचार केला आणि हात जोडले. जे कुणालाच ठाऊक नसून सगळं ठरवतं, त्याच्याशी कसं वागायचं हे तिला चांगलं कळत होतं.

त्यानंतरच्या तपासणीला माझ्याबरोबर यवतमाळला वहिनी आल्या होत्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. घरचं वावर दादाच्या नावावर असलं तरी चालतं वहिनींच्या हुकमावर. त्यांना बाजारात काम होतं, आणि माझं होईपर्यंत त्या बाजूच्या स्टुलावर बसल्या होत्या. घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, असं मॅडमनी रिवाजाप्रमाणे विचारलं. मी घराण्याचा इतिहास सांगायला घसा खाकरला, तेवढ्यात वहिनी सहज बोलल्या. दोन वर्षांमागे तुरीत गांधीलमाशी चावली होती. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला, आणि मग डोळ्यांपुढे अंधार. दादानं चावल्या जागी लोखंड घासलं. दोन तासांनी त्या उठल्या आणि चहा मांडला. वांग्याची भाजी कशी बिघडली ते सांगावं तशा सुरात त्यांनी हे सांगितलं.

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. माझ्या सात गुणांच्या शिंकांसाठी तो कधी खाली ठेवला गेला नव्हता.

त्यांनी वहिनींना शांतपणे समजावलं. ती भोवळ उन्हाची नव्हती. पुढच्या वेळी माशी चावली तर श्वास अडू शकतो, रक्तदाब कोसळू शकतो, आणि त्या वेळी हाताशी थोडीच मिनिटं असतात. माशीच्याच विषाचे अगदी बारीक डोस काही वर्षं देऊन अंगाला त्याची सवय लावायचा उपचार असतो. पण तो इथे मिळत नाही. कुठे मिळेल ते त्या बघणार होत्या. तोवर एकच गोष्ट उपयोगाची, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, आणि तेही वेळेवर. मॅडमचं दुसरं संशोधन नेमकं यावरच चाललं होतं. दवाखान्यापासून लांब राहणाऱ्या घरातल्या माणसांना हे इंजेक्शन द्यायला शिकवलं, तर ते वेळ आल्यावर खरंच देतात का? शिकतात सगळे, मॅडम म्हणाल्या, देतात का तेच बघायचंय.

त्यांनी एक नारिंगी डबी दिली. आत भरलेली सिरिंज, सुईला टोपण. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, कपड्यावरूनच खुपसायची. "आधी इंजेक्शन, मग गाडी," त्या म्हणाल्या. "रडायचं असेल तर गाडीत."

हे इंजेक्शन घरात कुणी द्यायचं यावर त्या दिवशी जेवताना मोठी सभा झाली. दादा बाद. बैलाला डॉक्टर सुई टोचतो तेव्हासुद्धा तो दुसऱ्या वावरात जातो. माझी बायको कामाला, दिवसभर घराबाहेर. आत्याला नीट दिसत नाही. राहिलो मी. शिकलेला, सरकारी कागदांवर सही करणारा, आणि आता विज्ञानाच्या आतल्या गोटातला. मी ही जबाबदारी अशा चेहऱ्यानं स्वीकारली, की जणू बाहेर फटाके वाजताहेत. अडचण एकच होती. वहिनी माझ्यापेक्षा वडील, आईच्या जागी, आणि सुई मांडीत मारायची. दादा वरणाकडे पाहत राहिला. शेवटी न्यायालयानं निकाल दिला. दिरानं इंजेक्शन द्यायला हरकत नाही, मात्र डोळे मिटून द्यावं. मी फोनवर मॅडमना विचारलं. त्यांनी मला प्रश्न पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाल्या की डोळे उघडे असलेले बरे.

सराव मी कोहळ्यावर केला. मॅडमनी दिलेली दुसरी सिरिंज, आत नुसतं पाणी, आणि ओसरीवर मांडलेलं एक मोठं कोहळं. मी लांबून चालत येई, हात उंच करी, "आधी इंजेक्शन, मग गाडी" असं खणखणीत म्हणे आणि खुपसे. आठ दिवस शेजारच्या बाया धान्य पाखडायचं सोडून बघायला येत. वहिनी समोर बसून शेंगा सोलत असायच्या. एकदा त्या मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, टोपन काढाचं राह्यलं." मी म्हणालो, वहिनी, ही तालीम आहे. त्या म्हणाल्या, तालमीत काढा, म्हणजे खेळात आठवेल. त्या कोहळ्याची पुढे भाजी झाली. ती पाणचट लागली, तरी सगळ्यांनी संपवली.

मग आश्विन आला आणि खंडेनवमी आली.

ज्यांच्या घरी हा दिवस नसतो त्यांच्यासाठी सांगतो, तो अवजारांच्या सुटीचा दिवस आहे. विळे, कुऱ्हाडी, कुदळ, फवारणीचा पंप, सगळं धुऊन पुसून देवापुढे मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. आमच्याकडे विळीसुद्धा पूजेत बसते, म्हणून त्या दिवशी स्वयंपाकात चिरायचं काही नसतं. घरातलं एकूण एक लोखंड त्या दिवशी देवाचं. आत्याच्या आठवणीत हा नेम एकदाच मोडला होता. तिच्या एका भावानं, आमच्या काकानं, पूजेतली कुऱ्हाड उचलली होती, आणि पुढच्याच फटक्याला तिनं त्याचा अंगठा नेला. ही गोष्ट आम्ही दर खंडेनवमीला ऐकतो. अंगठा दर वर्षी थोडा मोठा होतो.

दादानं अवजारं मांडली. आत्यानं विचारलं, "बाबू, तुयं काही?" मी माझा पेन ठेवला, शिंकांची वही ठेवली. तरी माझा वाटा दादाच्या मानानं फारच किरकोळ दिसत होता. मग मला सुचलं. मी फडताळातून नारिंगी डबी आणली, दोन्ही हातांनी उंच धरली, आणि नव्या काळाचं अवजार, जे मारत नाही तर तारतं, अशा अर्थाचं चार वाक्यांचं भाषण केलं. डबी विळा आणि पंप यांच्या मधोमध ठेवली. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "ते डबी राहू द्या न बाहेर," त्या म्हणाल्या. मी त्यांना समजावलं की शस्त्राचा मान ठेवावा. आत्या खूश झाली. तिनं डबीला पाच बोटं कुंकू लावलं आणि वर सगळ्यात मोठा झेंडू ठेवला.

पूजा झाली. मी झेंडू आणि धुपाच्या धुरात अकरा वेळा शिंकलो आणि ओसरीवर येऊन बसलो. तेवढ्यात वहिनींना आठवलं की तण काढायचा जुना डवरा गोठ्यातच राहिला. एखादं अवजार विसरलं तर ते रुसतं म्हणतात. त्या तो आणायला गेल्या. डवऱ्याच्या मागे पत्र्याला गांधीलमाश्यांचं मोहोळ होतं.

एक मनगटाला चावली, एक मानेला. त्या चालत परत आल्या आणि ओसरीच्या पायरीवर बसल्या. तळहात खाजतायत, म्हणाल्या. मी पाहिलं तेव्हा गळ्यावर लाल गांधी उठत होत्या, बघता बघता एकमेकींत मिसळत होत्या. मग वहिनी म्हणाल्या, "गरगरून राह्यलं," आणि तो आवाज त्यांचा नव्हता. तो घोगरा होता, लांबून आल्यासारखा.

दादानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. लोखंड घ्यायला आत धावला. आणि देवापुढे थबकला. सगळं लोखंड तिथे मांडलेलं, कुंकू लावलेलं. आत्या म्हणाली, "त्याले हात नको लावू." तेव्हा दादा परत आला, दाराची कडी धरून ओढायला लागला, आणि ती निघेना म्हणून वहिनींनाच दाराकडे सरकवू लागला, मान कडीपाशी नेता यावी म्हणून. एरवी मी यावर आठवडाभर हसलो असतो.

मी आत गेलो. हे मला लिहायचं आहे ते नीट लिहितो. मी आत गेलो, देवापुढे उभा राहिलो, आणि डबी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. आत्या माझ्या मागे आली होती. ती आता थांब म्हणत नव्हती. नुसतं म्हणाली, निदान दोन अक्षता टाकून उत्तरपूजा करून घे, मग उचल. मला मंत्र येतो. तो लहान आहे. मी अक्षता घेतल्या, तोंड उघडलं आणि शिंकलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा शिंकलो. झेंडूंचा ढीग माझ्या नाकाखाली होता. पण खरं सांगू? शिंक ही सबब होती. दोन शिंकांच्या मध्ये माणसाला डबी उचलता येते. माझा हात पुढे जात नव्हता. मी, परागकण मोजणाऱ्यांच्या पंगतीतला, बंद लिफाफ्यावर आत्याला व्याख्यान देणारा, हातात तांदूळ घेऊन एका अंगठ्याचा विचार करत होतो.

वहिनी भिंतीला धरून आल्या. ओठ सुजले होते, श्वासाला शिट्टी लागली होती. त्यांनी मला खांद्यानं बाजूला केलं, अगदी गर्दीत वाट काढावी तसं. खाली बसल्या. झेंडू उचलून बाजूला ठेवला, फेकला नाही. डबी उघडली. टोपण काढलं. आणि लुगड्यावरून, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध, सुई खुपसून दट्ट्या शेवटपर्यंत दाबला. हात उंच केला नाही, काही म्हटलं नाही. मग रिकामी सिरिंज डबीत ठेवली आणि तिथेच पडल्या, पाय पंपाच्या टाकीवर टाकून, कारण पाय वर ठेवायचे हेही मॅडमनी सांगितलं होतं आणि ते मी विसरलो होतो.

शेजाऱ्याची गाडी दारात आली तोवर शिट्टी जरा कमी झाली होती. आत्यानं पूजेतला विळा उचलून दादाच्या हातात दिला होता. घासायचं तर घास म्हणे आता. दादा तो विळा आणि वहिनींच्या चपला अशा दोन्ही वस्तू घेऊन गाडीत बसला, आणि मॅडमच्या सूचनेप्रमाणे गाडीत रडला. बाभुळगावच्या दवाखान्यात वहिनींना सलाइन लावलं, ऑक्सिजन दिला, पुन्हा त्रास उलटू शकतो म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. विळा दारावरच्या शिपायानं काढून घेतला. चपला दादानं सोडल्या नाहीत. तिथले डॉक्टर मला म्हणाले, इंजेक्शन वेळेत दिलंत म्हणून बाई जिवंत आल्या. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

दोन दिवसांनी मॅडमचा फॉर्म आला. अक्षर चांगलं म्हणून तो मीच भरला. एका ओळीत विचारलं होतं, इंजेक्शन कुणी दिलं. पुढे रकाने होते: पती, मुलगा किंवा मुलगी, इतर कुटुंबीय, आरोग्यसेविका. रोग्यानं स्वतः, असा रकाना नव्हता. मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि 'इतर कुटुंबीय'वर खूण केली. फॉर्मची चूक दुरुस्त करणारा मी कोण?

हिवाळ्यात यवतमाळला सगळ्या सहभागी लोकांना बोलावलं. दादा, वहिनी, मी, आणि हट्टानं आत्याही. आधी आम्हा शिंकणाऱ्यांना एकेक पाकीट दिलं, त्यात आपल्या बाटलीत काय होतं ते लिहिलेलं. हंगामभर मी गावाला सांगत होतो की औषध जबरदस्त आहे, माझ्या शिंका निम्म्यावर आल्यात. पाकीट उघडलं. मिठाचं पाणी. दादानं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि आत्याला सांगितलं, आणि आत्यानं ते तिच्या पलीकडच्या बाईला सांगितलं.

त्या क्षणी मॅडमनी विचारलं की दुसऱ्या संशोधनाबद्दल कुणाला अनुभव सांगायचा आहे का. माइक होता, सभागृह होतं, माझी अब्रू जमिनीवर सांडलेली होती. मी उठलो. मी काय बोललो ते उत्तमच बोललो. खंडेनवमी उभी केली, झेंडू उभा केला, गोठ्यातलं मोहोळ घोंघावलं. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आणि त्या क्षणी," मी आवाज खाली आणला, "रूढी एका बाजूला आणि जीव दुसऱ्या बाजूला असताना, आम्ही पळभरही न डगमगता ती डबी उचलली, आणि आम्ही..."

तिसऱ्या रांगेतून वहिनींचा आवाज आला, चांगला खणखणीत, माइकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल असा.

"आमी म्हंजे कोन कोन व्हय, भाऊजी?"